पश्चिमेच्या भिंतीलगतची जास्वंद : फैजपूरच्या नोंदी

जागा फैजपूर, तालुका यावल, जिल्हा जळगाव. घराची पश्चिमेची भिंत पन्नास फूट लांब आणि पूर्ण उघडी आहे. दुपारी एकपासून मावळेपर्यंत तिच्यावर ऊन असतं. मे महिन्यात रात्री जेवणं आटोपल्यावरही त्या भिंतीला पाठ टेकवत नाही. तिथे जास्वंदीची रांग लावायची, म्हणजे भिंतीला आडोसा होईल आणि सासूबाईंना गणपतीसाठी रोजची फुलं मिळतील. साडेतीन फुटांवर एक, अशी चौदा झाडं बसतात.

जास्वंद कुठेही येते, असं सगळे सांगतात. कोकणातल्या लाल मातीत आणि नरम पाण्यावर येतही असेल. आमच्याकडे काळी माती, खोल बोअरचं जड पाणी आणि ४५ अंशांचा उन्हाळा. रावेर, सावदा, चोपडा, भुसावळ या पट्ट्यात कुणाला हीच झाडं लावायची असतील, तर त्यांच्यासाठी ही वही.

१८ जून २०२३

पाऊस लांबलाय. माती इतकी तडकलीय की भेगेत मनगट जातं आणि कुदळ उसळते. दोन गडी लावून दीड-दीड फुटाचे खड्डे घेतले. मजुरी १२०० रुपये. भिंतीपासून अडीच फूट अंतर सोडलं, नाहीतर पाणी पायात मुरतं आणि पुढे छाटायला मागच्या बाजूने हात जात नाही.

भिंतीच्या कडेला बांधकामाचा राडारोडा निघाला : सिमेंटचे खपले, विटांचे तुकडे, प्लास्टरचा चुरा. घमेली भरभरून बाहेर टाकला. हा ऐवज मातीत राहिला की तिचा सामू (पीएच) आणखी चढतो आणि आधीच चुनखडीच्या जमिनीत जास्वंदीचे हाल होतात. खालच्या थरातली ढेकळं फोडली तर आत पांढरे खडे. त्यावर लिंबू पिळलं तेव्हा बारीक फेस आला. घरबसल्या एवढी परीक्षा पुरते, तरी नमुना तपासायला दिलाय.

२ जुलै

पाऊस झाला. दोन कामं केली.

पहिलं, बाहेरून आणलेली आठ संकरित कलमं खड्ड्यांत लावली. पिवळी, केशरी, दुहेरी गुलाबी अशी. २५० रुपये नग, म्हणजे २००० रुपये. खड्डा भरताना माती, शेणखत आणि कोकोपीट समप्रमाणात.

दुसरं, गल्लीतल्या जुन्या लाल एकेरी जास्वंदीच्या काड्या आणल्या. या लाल जास्वंदीला आपल्याकडे बी धरत नाही, काडीच लावावी लागते. पेन्सिलीएवढी जाड काडी घ्यायची, साल हिरवट-तपकिरी हवी. पार कोवळी कुजते आणि जून झालेली महिनोन्महिने नुसती उभी राहते. वीतभर लांबी, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका. वर दोन पानं ठेवून तीही अर्धी कापली. खालच्या टोकाला मुळ्या फुटायची पावडर लावली. निम्म्या पिशव्यांत वाळू आणि कोकोपीट, उरलेल्या निम्म्यांत वाळू आणि शेणखत. पावडर, पिशव्या, कोकोपीट धरून ४५० रुपये. जागा उत्तरेच्या ओसरीत, जिथे ऊन येत नाही पण उजेड भरपूर असतो.

२३ जुलै

आठवडाभर झड. संकरितांपैकी तीन झाडं मलूल होऊन पानं खाली लोंबली. घरातले म्हणाले, पाणी घाल. पाणी घालायचं कुठे? खड्डा आधीच तुडुंब. बोट खुपसलं तर आत लगदा, आणि नाकाशी नेलं तर कुजका वास.

प्रकार असा झाला : भोवतालची काळी माती पाऊस पडल्यावर फुगते आणि तिच्या भेगा मिटतात. पाण्याला वाट उरत नाही. आतलं मिश्रण मात्र भुसभुशीत, त्यामुळे आजूबाजूचं पाणी त्यातच उतरतं. तो खड्डा म्हणजे जमिनीत पुरलेली बादली झाली. मुळांना हवा मिळत नाही, मग ती पाणी ओढत नाहीत, आणि भर पावसात झाड तहानेल्यासारखं वाळतं. अशा वेळी झारी हातात घेतली की झाड गेलंच.

सगळी झाडं मातीच्या गड्ड्यासकट उचलली. अर्धी ट्रॉली मुरूम आणला (१५०० रुपये). तो खणलेल्या मातीत आणि शेणखतात मिसळून भिंतीच्या लांबीचा फूटभर उंच गादीवाफा घातला. दोन्ही कडांना विटा उभ्या लावल्या, दर चार फुटांवर पाणी जायला फट ठेवली. झाडं त्यावर बसवली, वाफा पायाने तुडवला नाही. काळ्या कुजलेल्या मुळ्या कात्रीने कापल्या आणि तेवढाच शेंडाही कमी केला. दोन झाडं तरीही गेली. त्यातल्या एकाचं खोड जमिनीलगत दाबलं तर साल हातात आली.

२० ऑगस्ट

जुलैत पाणी, आता ऑगस्ट पार कोरडा. बोअर सुरू करावी लागली. ठिबकची १६ मिलिमीटरची नळी टाकली, प्रत्येक झाडाला ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर, खोडापासून वीतभर लांब. खर्च १४००. आमच्या गावात ठिबकचं सामान भाजीइतकं सहज मिळतं, हा एक फायदा.

काड्यांचा निकाल : वाळू-कोकोपीटच्या बहुतेक सगळ्या फुटल्या. वाळू-शेणखताच्या निम्म्याहून जास्त तळाला काळ्या पडून गेल्या. मुळ्या फुटायच्या आधी खत लागतच नाही, उलट पावसाळी हवेत बुरशीला आमंत्रण. पान फुटलं म्हणजे मूळ फुटलं असं समजू नये. काडीतल्या साठ्यावरही पानं येतात. मी पिशवीच्या तळाच्या भोकातून पांढरी मुळी दिसेपर्यंत थांबले.

१९ सप्टेंबर, गणेश चतुर्थी

घरची फुलं नाहीत. बाजारातून घेतली. काड्यांपासूनची देशी रोपं वाफ्यावर मोकळ्या जागी लावली, राहिलेली पिशव्यांत राखीव ठेवली.

१५ ऑक्टोबर

सगळ्यात जास्त वेळ ज्याने खाल्ला, तो भाग इथून सुरू.

कोवळी पानं पिवळी पडायला लागली, संकरितांची आधी, मग देशींचीही. पान जवळून पाहिलं तर शिरा हिरव्या आणि मधला भाग लिंबासारखा पिवळा. जुनी पानं खाली ठणठणीत.

खतांच्या दुकानात पान दाखवलं. "भूक आहे, डीएपी द्या." दिलं. सोबत एक टॉनिकही घेतलं. दोन्हीचे मिळून ४०० रुपये. दहा-बारा दिवसांत पिवळेपणा वाढला आणि नवीन पान आधीच्यापेक्षा लहान यायला लागलं.

२९ ऑक्टोबर

माती तपासणीचा कागद हातात आला. सामू ८.३, मुक्त चुनखडी भरपूर, स्फुरद (फॉस्फरस) मध्यम, पालाश (पोटॅश) भरपूर, लोह कमी. म्हणजे मी ज्या जमिनीत डीएपीतून स्फुरद ओतत होते तिथे त्याची तितकी गरजच नव्हती. जास्वंदीला स्फुरद तसाही कमी लागतो. जादा झाला की लोह आणि जस्त उचलायला आडवा येतो.

मग हिराकस (फेरस सल्फेट) आणला आणि झाडामागे एक मूठ मातीत मिसळला. काहीही झालं नाही. चुनखडीच्या मातीत हिराकसातलं लोह बघता बघता गंजून बसतं, मुळांच्या हाती लागत नाही. वाफ्यावर तांबूस डाग पडले, तेवढाच त्याचा पुरावा.

शेजारच्या अण्णांची केळी आहे. ते कुंपणाशी उभे राहून बघत होते. म्हणाले, "कशाले खत टाकता ताई, आंधी पानी पाहा." ड्रिपरचं टोक उचलून दाखवलं. तोंडाशी पांढरा खर जमलेला, नखाने खरवडला तर भुकटी. त्यावरही लिंबू पिळलं, तोच फेस. केळीवाले ठिबकच्या नळ्यांत आम्ल सोडतात ते याच खरासाठी.

मुरूम घातला, वाफा उंच केला, पण रोज त्यावर चुन्याचंच पाणी सोडत होते. बोअरच्या पाण्यातले बायकार्बोनेट मुळांभोवतीचा सामू खाली येऊच देत नाहीत. पावसाळ्यात झाडं हिरवी होती आणि बोअर सुरू झाल्यावर दीडेक महिन्यात पिवळी पडली, हे वहीतल्या तारखांवरून आता कळतंय. पाण्याचा नमुनाही तपासून घेतला. दोन्ही तपासण्यांचे ५०० रुपये गेले.

५ नोव्हेंबर

दोन उपाय एकत्र केले.

पानावर : लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व. आधी लिंबूसत्त्व विरघळवायचं, मग हिराकस. उलट केलं की बोअरच्या पाण्यात लगेच तांबडा गाळ बसतो. सायंकाळी फवारणी. देशीला काही झालं नाही. दुहेरी गुलाबीच्या कोवळ्या पानांवर करपल्याचे ठिपके उठले, तिच्यासाठी प्रमाण निम्मं केलं.

मातीत : चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रेणूत धरून ठेवलेलं लोह. इथे नीट लक्ष द्या, कारण दुकानात या नावाने दोन वेगळ्या वस्तू मिळतात. स्वस्त ती ईडीटीए. सामू सातच्या पुढे गेला की तिच्यातलं लोह सुटून मातीत अडकतं, आमच्या जमिनीत तिचा उपयोग नाही. दुसरी ईडीडीएचए, गडद लाल-तपकिरी भुकटी. ती चढ्या सामूलाही टिकते. महाग आहे, वर्षभरात ६०० रुपयांची लागली. झाडामागे ५ ग्रॅम दोन लिटर पाण्यात, संध्याकाळी, ओल्या मातीत ओतायची. हाताला आणि फरशीला लाल डाग पडतात, फरशीवरचे माझे अजून गेलेले नाहीत.

१९ नोव्हेंबर

शेंड्याची नवीन दोन-दोन पानं हिरवीगार निघाली. आधीची पिवळी काही फारशी सुधारत नाहीत. ती बघून निराश होऊन डोस वाढवू नये. शेंडा बघावा.

२४ डिसेंबर

थंडी पडली. वाढ थांबली, कळ्या लहान, फुलं अर्धवट उमलतायत. हे इथलं हवामान, त्याला इलाज नाही. पाणी आठवड्यातून दोनदाच.

थंडी म्हणजे भरीत. कपाशी उपटून झाली होती. शेतातून काड्यांचा भारा आणून वाफ्याच्या टोकाला, भिंतीशी उभा केला. दर रविवारी त्यातल्या थोड्या काढायच्या आणि त्यावर वांगी भाजायची. गॅसवर भाजलेल्या वांग्याचं भरीत आमच्याकडे कुणी भरीत धरत नाही.

१४ जानेवारी २०२४

भाऱ्याजवळच्या तीन झाडांचे शेंडे आखडले. पानं चुरगळलेली, देठांच्या बेचक्यांत पांढरा कापूस. पिठ्या ढेकूण. खोडावर मुंग्यांची रांग वर-खाली चाललेली. ती रांग खाली उतरून कुठे जाते ते बघितलं. सरळ काड्यांच्या भाऱ्यात.

कपाशी, भेंडी, अंबाडी आणि जास्वंद एकाच कुळातल्या. शिवारातली कपाशी निघाली की तिच्यावरच्या किडीला जवळचं हिरवं घर म्हणजे अंगणातली जास्वंद. मी तर त्यांना भाऱ्यात बसवून दारापर्यंत आणलं. भिंगाखाली पाहिलं तर पाठीवर मेणाची पूड आणि तिच्यातून काळ्या ठिपक्यांच्या दोन ओळी. हाच तो फेनाकोकस, २००५-०६ च्या सुमारास देशभरच्या कपाशीवर पसरलेला.

केलं ते असं. भारा त्याच दिवशी शेतात नेऊन जाळला. भरीत त्या रविवारी तुरीच्या काड्यांवर झालं. आखडलेले शेंडे कापून प्लास्टिकच्या पिशवीत बांधले, उकिरड्यावर टाकले नाहीत. बाकी झाडांवर नळीने जोराचा फवारा, पानाच्या खालून. दुसऱ्या दिवशी सायंकाळी निंबोळी तेल ५ मिली आणि भांडी घासायच्या साबणाचं थोडं पाणी, लिटरला. मोठ्या ढेकणांवर मेण असतं, औषध घसरून जातं. मरतात ती पिल्लं. म्हणून आठवड्याने पुन्हा, आणि त्यानंतर पुन्हा.

मुंग्यांचा बंदोबस्त नाही केला तर हे सगळं वाया. ढेकणांच्या गोड चिकट्यासाठी त्या त्यांची राखण करतात, मित्रकीटकांना हुसकतात. खोडाला कापडाची पट्टी बांधून तिला ग्रीस फासलं. ग्रीस थेट सालीवर नको, साल तडकते.

व्हर्टिसिलियमची कीड मारणारी जैविक पुडी अण्णा देत होते. घेतली नाही. ती बुरशीच आहे, तिला दमट हवा लागते, आणि इथल्या जानेवारीत ओठ फुटतात.

११ फेब्रुवारी

कीड आटोक्यात. काही ढेकूण फुगून तपकिरी, कडक झालेले दिसले. त्यांना हात लावला नाही. त्यांच्या आत बारीक गांधीलमाशीची अळी असते. ती बाहेर पडते तेव्हा अशा ढेकणाच्या पाठीला गोल भोक दिसतं. तशी भोकं दिसू लागल्यापासून तेलाची फवारणी बंद.

हलकी छाटणी केली. फुलं नवीन फुटव्यावर येतात, म्हणून तिसरा हिस्सा शेंडा काढला, आत वळलेल्या फांद्या जिथून फुटल्या तिथून. आमच्याकडे छाटणीला हाच महिना. मार्च उलटला की हात लावू नये. उघडं पडलेलं खोड उन्हाने भाजतं, साल पश्चिमेकडून फाटते.

३१ मार्च

फुलं सुरू. देशी रोज देतेय. संकरितांचं फूल मोठं आणि दुसऱ्या दिवशीही टिकतं, पण दिवसाआड एखादं.

पानांच्या कडा मात्र करपताहेत. टोकापासून आत तपकिरी, कुरकुरीत. हे लोहाचं लक्षण नाही. वाफ्याच्या मधल्याच झाडांना आहे, कडेच्यांना नाही. दोन दिवस विचार करूनही सुचेना. मग दुपारी बघितलं : मुलगा कूलरची टाकी उपसून पाणी तिथेच ओततोय. "वाया कशाला घालवू, आई?"

कूलरमध्ये पाण्याची वाफ होते, क्षार टाकीतच राहतात. वर पुन्हा बोअरचं पाणी भरायचं, पुन्हा वाफ. आठवड्याने उपसलेलं ते पाणी बोअरपेक्षा कितीतरी खारट झालेलं. पाणी शुद्ध करायच्या यंत्राचं टाकाऊ पाणीही तसलंच, तेसुद्धा झाडांना नको. एसीतून ठिबकणारं मात्र चालतं, ते हवेतल्या बाष्पाचं पाणी, त्यात क्षार नसतात. आमच्याकडे एसी एकच, एकाच खोलीत, त्यामुळे ते पाणीही तेवढंच मिळतं. ते बादलीत धरून फवारणीचं औषध कालवायला ठेवतो.

मधल्या झाडांना एकदा सलग तीन तास ठिबक सोडून क्षार खाली ढकलले. वाफा उंच आणि मुरुमाचा असल्याने हे जमलं. पूर्वीच्या खड्ड्यांत केलं असतं तर झाडं बुडाली असती.

२१ एप्रिल

पारा ४२ च्या वर. कळ्या गळतायत. पिवळी पडून देठासकट खाली. फोडून पाहिल्या, आत कीड नाही. सकाळी वाफा ओला, दुपारी झाड मान टाकतं, संध्याकाळी पुन्हा उभं. पाणी वाढवून कळी थांबत नाही.

आच्छादन घातलं. पहिल्यांदा अण्णांकडची केळीची खोडं चिरून पसरली. फुकट मिळतात आणि पालाशही देतात. चार दिवस छान गारवा. मग ती सडली, चिलटं झाली, आणि खोडाशी टेकलेल्या तुकड्यांखाली साल मऊ पडायला लागली. काढून उन्हात वाळवली. आता वाळलेली केळीची पानं आणि गव्हाचा भुसा, चार बोटं जाड, खोडाभोवती वीतभर मोकळं.

ठिबकची नळीही या आच्छादनाखाली गाडली. उघड्या काळ्या नळीत उन्हाने पाणी तापतं. दुपारी चारला झडप उघडून ड्रिपरखाली हात धरला तर पहिला लोंढा सोसवेना. तेच पाणी आपण मुळांना पाजत होतो. आता पाणी पहाटे पाचला.

१० मे, आखाजी (अक्षय तृतीया)

पारा ४५. पुरणपोळी, आमरस, झोका, आणि बाहेर कुणी जायचं नाही.

हिरवी शेडनेट, पन्नास टक्क्यांची, बांबूंसकट २६०० रुपये. पहिला प्रयत्न फसला : जाळी झाडांवर पांघरल्यासारखी टाकली. जिथे जिथे पानं जाळीला टेकली तिथे भाजली, आणि आत हवा कोंडली. दुसऱ्यांदा गच्चीच्या कठड्यापासून तिरकी उतरवून झाडांच्या पश्चिमेला सहा फुटांवर बांबूंना बांधली. खालचे दोन फूट उघडे, वरून-खालून वारा वाहता. भिंतीलाही सावली आली. घरातली पश्चिमेची खोली आता रात्री झोपण्यासारखी असते. शेडनेटचे पैसे तिथेच वसूल.

या महिन्यात खत नाही, फवारणी नाही, छाटणी नाही. निंबोळी तेल तर अजिबात नाही, या उन्हात पानं तळून निघतात.

२ जून

चार संकरित गेली. तिन्ही दुहेरी आणि एक केशरी. वाळलेली उपटली तर खाली मुळांभोवतीचा जुन्या कोकोपीटचा गोळा तसाच, बाहेर एकही मूळ गेलेलं नाही. वर्षभर ती झाडं पिशवीतच राहत होती म्हणायची. कलम लावताना तो गोळा फोडून मुळं मोकळी करायला हवी होती. देशी एकही गेली नाही. पानं निम्मी झाली, पण खोड हिरवं.

२३ जून

पाऊस. सलग तीन दिवस चांगला.

गच्चीच्या पन्हाळीखाली हजार लिटरची टाकी बसवली, ५५०० रुपये. पहिल्या पावसाचं धुळीचं पाणी सोडून द्यायचं, मग धरायचं.

१४ जुलै

मार्चपासून चिलेट दिलेलं नाही. खतही नाही. तरी सगळ्या झाडांचे शेंडे काळपट हिरवे, पानं तळहाताएवढी. तीन आठवड्यांच्या पावसाच्या पाण्याने जे केलं ते मी आतापर्यंत टाकलेल्या कुठल्याच पुडीने केलं नव्हतं. गेल्या वर्षी हा क्रम उलटा होता, त्यामुळे ध्यानात यायला इतका वेळ लागला.

रिकाम्या जागी पिशव्यांतली राखीव देशी रोपं लावली. आता चौदांपैकी बारा देशी, एक पिवळी, एक केशरी. त्या दोन वाचलेल्यांची गुटी बांधली, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळ्या फोडायच्या : फांदीची पेरभर रुंदीची साल गोल काढून, आतला चिकट थर सुरीच्या पाठीने खरवडून, भिजवलेलं शेवाळ आणि प्लास्टिक घट्ट. इथल्या पाण्यावर जगलेल्या झाडाचंच पुढचं रोप करायचं. बाहेरून कलम आणणार नाही.

७ सप्टेंबर, गणेश चतुर्थी

परातभर लाल फुलं. कळ्या आदल्या दिवशी संध्याकाळी, टोकाला लाल रंग दिसायला लागल्यावर खुडल्या आणि ओल्या फडक्यात ठेवल्या. पहाटे उमलल्या. झाडावर ठेवल्या असत्या तर कुणीतरी फिरायला जाताना नेल्या असत्या. हा आमच्या गल्लीतला सर्वात चिवट किडा आणि त्यावर औषध नाही. अण्णांकडे अकरा फुलं दिली.

खर्च एकूण १६,१५० रुपये. त्यातले डीएपी-टॉनिकचे ४०० आणि सहा मेलेल्या कलमांचे १५०० पाण्यात गेले. पुन्हा कुणी सुरुवात करणार असेल तर टाकीचे ५५०० पहिल्या महिन्यात घाला, संकरितांचे २००० घालू नका.

पुढचं काम : ऑक्टोबरमध्ये टाकी संपली की बोअरच्या बादलीत लिंबूसत्त्व किती घातल्यावर सामू साडेसहाला येतो ते पट्टी बुडवून मोजायचं. गुटीच्या प्लास्टिकमधून पांढऱ्या मुळ्या दिसायला लागल्यात, येत्या रविवारी कापून पिशवीत. आणि या वर्षीच्या भरीताच्या काड्या शेतातच राहतील.